मीटरकाकांचं प्रत्यक्ष वाचन

आमच्या इमारतीत आजही कुणीतरी सांगतं, की मीटरकाकांना बिल्डरने नव्या टॉवरमध्ये वन-बीएचके कबूल केला होता. सांगणारा आधी लिफ्टचं दार बंद होऊ देतो, आवाज खाली आणतो आणि मग सांगतो. हे खोटं आहे. मला ते नक्की माहीत आहे, कारण ही अफवा जन्मली तेव्हा मी त्याच खोलीत होतो. आणि सुईणही मीच होतो.

हे आधीच सांगून टाकतो. काकांबद्दल लिहायचं आणि स्वतःला त्यातून अलगद बाहेर ठेवायचं, हे मला सहज जमेल म्हणून भीती वाटते. आजवर बऱ्याच गोष्टींतून मी असाच अलगद बाहेर राहिलो आहे.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत काका तळमजल्यावर राहायचे. वीजकंपनीत चौतीस वर्षं मीटर वाचत हिंडलेला माणूस. वडील गिरणीत होते, गाव कुडाळकडचं. जन्म मुंबईत जाऊनही बोलणं मालवणीच राहिलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी कंपनीची बॅग परत केली, पण टॉर्च ठेवून घेतला. शर्टाच्या खिशात तो बोटाएवढा टॉर्च भर दुपारीही असायचा. मीटर नेहमी जिन्याखाली, अंधारात, कोळ्याच्या जाळ्यामागे असतात. त्यामुळे जगातली प्रत्येक खरी गोष्ट अशाच ठिकाणी सापडणार, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. एकदा मी त्यांना सहज म्हणालो, "काका, दाढ फार दुखतेय हो." त्यांनी मला गेटपाशी उभं केलं, तोंड उघडायला लावलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "हां, खरा बोलतंस." मगच त्यांनी सहानुभूती दाखवली.

कुठलीही गोष्ट न पाहता मान्य करायची नाही, हा त्यांचा नियम लग्नकार्यातही चालायचा. "काय काका, जेवण कसं आहे?" असं पंगतीत बसायच्या आधी कुणी विचारलं, तर "अजून जेवूक नाय," एवढंच उत्तर मिळे. वरचे लोक सांगत, की त्यांच्या बायकोने एकदा स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, उन्हं आली का गॅलरीत? पापड घालायचेत." हे गॅलरीतच बसले होते, तरी उठले, कठड्याला हात लावून पाहिला आणि मग "इली" म्हणाले.

मीटर वाचणाऱ्यांच्या दोन जाती असतात, हे मला काकांकडून कळलं. घराला कुलूप असलं किंवा मीटरच्या खोलीची चावी वॉचमनला सापडत नसली, की काही जण मागच्या महिन्यांवरून अंदाजाने आकडा टाकतात आणि पुढच्या इमारतीकडे वळतात. त्याला सरासरी म्हणतात. काकांनी चौतीस वर्षांत कधी सरासरी टाकली नाही. ते वहीत 'दार बंद' लिहीत आणि दुसऱ्या दिवशी परत जात. तिसऱ्या दिवशीही जात. 'सरासरी' हा शब्द ते शिवीसारखा वापरायचे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना ते एकदा भर सभेत "सरासरी माणूस" म्हणाले होते. चेअरमन आभार मानून खाली बसले.

मग मोबाइल आले, सोसायटीचा ग्रुप झाला आणि त्याचा ॲडमिन मी झालो. काकांच्या बटणाच्या फोनवर ग्रुप येत नसे. लोकच त्यांना मेसेज वाचून दाखवायचे. ऐकून झालं की काका दोन प्रश्न विचारत. "तुका कोणी सांगल्यान?" उत्तर आलं की, "आणि तेका?" मग चपला घालून निघत. कुठेही. पाहून आले की तळमजल्यावरच्या काचेच्या नोटीसबोर्डात, टाकी सफाईच्या नोटिशीशेजारी, बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी लावत. त्यावर तीनच निकाल असायचे. खरं, खोटं किंवा दार बंद. खाली वेळ आणि ठिकाण.

एकदा मीठ संपणार असल्याचा मेसेज आला. आमच्या मजल्यावरच्या शहाण्या, पदवीधर लोकांनी मिठाच्या पिशव्या दिवाणात भरल्या. त्यात मीही होतो. काका मात्र पूर्वेकडच्या मिठागरांकडे चालत गेले. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखून संध्याकाळी परत आले आणि चिठ्ठी लावली: "मिठागर आहे. मीठ नाही. पण ते कित्येक वर्षांपासून नाही. बगळे पुष्कळ. दुकानांत मीठ आहे, तीन दुकानांत हात लावून पाहिले. खोटं." दिवाणातलं ते मीठ आम्ही पुढे दीड वर्षं खाल्लं.

दुसऱ्या वेळी एक मोठे पुढारी वारल्याचा मेसेज आला. इथे मला दुसऱ्या माणसाची ओळख करून द्यायला हवी. आमच्या नाक्यावर एक गृहस्थ होते, जे स्वतःच्या प्रत्येक बॅनरवर नावाआधी 'भावी नगरसेवक' लिहायचे. आम्हीही त्यांना भावीच म्हणायचो. या भावींनी तासाभरात नाक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा बॅनर चढवला. काकांनी बॅनर पाहिला, विचारलं, "तुका कोणी सांगल्यान?" आणि बस धरून जुहूला गेले. दुपारी चिठ्ठी आली: "स. १०.४०. जुहू, बंगल्यासमोर. पुढारी गच्चीत दात घासत होते. जिवंत." पुढच्या आठवड्यात त्या पुढाऱ्यांचा वाढदिवसच होता. भावींनी बॅनर फुकट घालवला नाही, नुसती पट्टी चिकटवली. त्यामुळे नाक्यावर आठ दिवस 'वाढदिवसाच्या भावपूर्ण शुभेच्छा' लटकत होत्या आणि फोटोभोवतीचा हार तसाच होता.

आणि अंतराळातून घातक किरण येणार, फोन बंद ठेवा, असं ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञाने सांगितल्याचा तो मेसेज. काका अणुकेंद्राच्या गेटवर जाऊन उभे राहिले आणि सुरक्षारक्षकाला म्हणाले, "किरणांचा काय ता बघूचा आसा. आत सोड." दोन तास बसवून, चहा पाजून, त्यांना रिक्षात घालून परत पाठवण्यात आलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "दार बंद." ही चिठ्ठी पाहून मी खूप हसलो होतो. मला तर घरबसल्या मिनिटभरात कळलं होतं, की मेसेज खोटा आहे. बातम्यांची खातरजमा करणारी एक वेबसाइट मी रोज बघायचो. तिथे हिरवी खूण म्हणजे खरं आणि लाल फुली म्हणजे खोटं. ग्रुपवर कुणी काही टाकलं, की मी खाली त्या साइटची लिंक टाकायचो, सोबत कुठलाही शब्द न लिहिता. शब्द न लिहिण्यात एक तोरा असतो. तो मी पुरेपूर भोगला.

"काका, एवढी पायपीट कशाला? साइटवर आलंय की," मी त्यांना म्हणायचो.

"साइटवाल्यान जावन बघल्यान?"

"त्यांची पद्धत असते काका. ते संबंधितांना फोन करतात."

"आणि संबंधित खोटा बोललो तर?"

मी हसायचो. संबंधित कशाला खोटं बोलेल?

आता मैदानाचं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळं मैदान आहे. पोरं खेळतात, म्हातारे चालतात, गणपतीत कृत्रिम तलाव होतो. तिथे शेजारच्या नव्या टॉवरच्या बिल्डरकडून बहुमजली पार्किंग उभारून घ्यायचा पालिकेचा प्रस्ताव असल्याचं कळलं, आणि आम्ही मैदान बचाव समिती काढली. सचिव मी. प्रस्ताव खरा होता. काकांनी वॉर्ड ऑफिसात नकाशावर टॉर्च मारून तो पाहिला होता आणि 'खरं' अशी चिठ्ठीही लावली होती. अर्ज झाले, सह्या झाल्या, आणि मी दर रविवारी मानवी साखळीची हाक देऊ लागलो. साखळी काही होईना. माणसं इतकी कमी यायची, की हात धरले तर मैदानाची एक बाजूही भरत नसे. म्हणून आम्ही दोघांच्या मध्ये ओढण्या धरायचो.

मला याचं फार वाईट वाटायचं. मैदान जाणार, आणि लोक झोपलेले. त्या वाईट वाटण्यातून मी जे केलं, ते पवईला ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता केलं. एक मेसेज लिहिला: "येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मैदानावर बुलडोझर येणार! आतल्या गोटातली पक्की खबर! आत्ता नाही तर कधीच नाही!" खाली एका बुलडोझरचा फोटो. तो कुठला होता, हे मलाही माहीत नाही. मागे नारळाची झाडं होती आणि एक उंटही होता. उंट मी कापला.

पण मेसेज माझ्या नावाने जायला नको होता. म्हणून तो मी बोरिवलीच्या मावसबहिणीला पाठवला आणि म्हटलं, "हा मला परत पाठव." तिच्याकडून आला, की तो मी ग्रुपवर 'मला आलाय' म्हणून टाकणार होतो. मावसबहीण मनाने फार चांगली आहे. तिने मला परत पाठवण्याआधी तो आपल्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला. संध्याकाळी मी घरी पोचेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तो घाटकोपरच्या भावाकडून मिळवून आमच्या ग्रुपवर टाकलाही होता. मी खाली एवढंच लिहिलं: "माझ्याकडेही आलाय. कृपया खात्री करावी."

खात्री करायला दोघे निघाले. एक काका, आणि दुसरी ती वेबसाइट.

वेबसाइटवरून दुसऱ्या दिवशी मला फोन आला. मुलगी अगदी नम्र होती. "सर, आपण मैदान बचाव समितीचे सचिव ना? एका मेसेजबद्दल आमच्याकडे विचारणा आलीय. रविवारी बुलडोझर येणारे, हे खरं आहे का?" त्या क्षणी मी नाही म्हणू शकलो असतो. माझ्या तोंडून निघालं, "हो, आमच्याकडेही तशी माहिती आहे." आता यात खोटं काय होतं? माझ्याकडे माहिती होतीच. मीच तयार केलेली. असा हिशोब मी मनाशी केला. बुधवारी सकाळी साइटवर हिरवी खूण आली: "खरे. स्थानिक समितीच्या सचिवांचा दुजोरा." आणि कबूल करायची सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की ती खूण पाहून मी खिडकीशी जाऊन मैदानाकडे डोकावलो. बाप रे, मला वाटलं, खरंच येतोय की काय बुलडोझर?

त्याच सकाळी बोर्डावर काकांची चिठ्ठी होती: "मंगळवार, वॉर्ड ऑफिस. चार टेबलांवर विचारले, कामाची यादी डोळ्यांनी पाहिली. पार्किंगचा निर्णय अजून नाही. रविवारी बुलडोझर नाही. खोटं."

गुरुवारी समितीची बैठक आमच्या सोसायटीच्या ऑफिसात भरली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चिठ्ठीचा फोटो काढूनच आल्या होत्या.

"हे बघा. काका म्हणतात खोटं. साइटवर हिरवं आलंय, आणि हे म्हणे खोटं!"

भावी म्हणाले, "चार टेबलं फिरले म्हणे. वॉर्ड ऑफिसात आपल्याला एका टेबलावर कुणी उभं करत नाही यार, यांना यादी दाखवतात?"

"कुणी सांगितलं तर नसेल त्यांना, लोकांना थंड करा म्हणून?" वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुम्हाला काय वाटतं? बिल्डरची माणसं भेटली असतील का हो काकांना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता: मग साइटवर हिरवं कसं? मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "मी काही बोलत नाही."

एवढंच. 'मी काही बोलत नाही.' रात्री जेवणाआधी वन-बीएचके झाला होता. शुक्रवारी त्याला गॅलरी आली. शनिवारी पार्किंग.

काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी कुणाशी भांडण काढलं नाही. ते वहिनींकडे गेले आणि विचारलं, "तो बुलडोझर तुका कोणी सांगल्यान?" वहिनींनी भावाचा घाटकोपरचा पत्ता तोऱ्यातच दिला. भावाने अंधेरीतल्या ऑफिसातल्या मित्राकडे बोट दाखवलं. अंधेरीच्या मित्राने त्याच्या बायकोच्या भिशीच्या ग्रुपकडे. भिशीतल्या एकीने बोरिवलीच्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. मावसबहिणीने काकांना बसवलं, सोलकढी दिली आणि म्हणाली, "अहो, हा मेसेज ना? माझ्या मुलुंडच्या भावाचा. त्याने मला पाठवला, आणि म्हणाला मला परत पाठव. मला वाटलं, फोन बिघडला असेल त्याचा."

शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीला काका माझ्या दारात उभे होते. बायकोने चहा ठेवला. त्यांनी चपला काढल्या, खुर्चीच्या टोकावर बसले आणि खिशातून वही काढली. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, पुढे बाण, आणि मग पुन्हा मुलुंड, सहावा मजला. माझा फ्लॅट नंबर.

"मीटरचो आकडो बरोबर आसा मां?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. चहा आला. त्यांनी तो प्यायला. मग मला राहवेना. "काका, तुम्ही सांगणार का सगळ्यांना?"

"मी आकडो वाचतंय, झिला. वीज कोणी जाळल्यान, ता सांगूचा माझा काम नाय. मी 'खोटा' लिवलंय. कोणाचा, ता तू लिव."

"उद्या होऊ दे ना काका. उद्या लोक येणारेत. पहिल्यांदा येणारेत. परवा सांगतो, आईशप्पथ."

त्यांनी वही मिटली. "तोपर्यंत त्या वन-बीएचकेत मीच रवतलंय," म्हणाले, आणि चपला घालून गेले. मी तेव्हाही थांबा म्हणालो नाही.

रविवारी सहा वाजता मैदान भरलं होतं. दोन-अडीचशे माणूस असेल. ओढण्यांची गरज लागली नाही. घोषणा झाल्या, एका काकूंनी पातेलंभर पोहे आणले. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. बुलडोझर नव्हता. सातला लोक घड्याळं बघू लागले. बुलडोझर अडवायला आलेली माणसं बुलडोझर येत नाही म्हणून चिडू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

"काय हो भावजी, सहा म्हणजे सहा ना? लोकांना दुसरी कामं नाहीत का?" वहिनी म्हणाल्या.

"सरकारी काम. वेळेवर आलंय कधी?" दुसरा कुणी म्हणाला.

भावींची पंचाईत सगळ्यात मोठी होती. त्यांनी पांढरे कपडे घातले होते, फोटोग्राफर आणला होता आणि बुलडोझरपुढे झोपायचं ठरवलं होतं. झोपायला काहीतरी समोर हवं. मागच्या रस्त्यावर गटाराचं काम चाललं होतं. त्यांनी कुणालातरी फोन लावला, आणि सव्वासातला, पिवळा, धूर सोडत, मैदानाच्या गेटातून एक जेसीबी आत आला.

भावींनी ही गोष्ट दुसऱ्या कुणालाच सांगितली नव्हती. ते झोपायला पुढे धावले, पण त्यांच्याआधी अख्खं मैदान धावलं. "आला! आला रे!" ड्रायव्हर विशीतला, बीडकडचा, घाबरून त्याने इंजिन बंद केलं. लोकांनी गराडा घातला. कुणी टायरवर लाथा मारत होतं, कुणी त्याला खाली ओढत होतं. "कुणी पाठवलं बोल!" पोराच्या शर्टाची बाही फाटली. "आवो, मला काय बी म्हाईत न्हाई, फोटोसाठी बोलावलंय," तो रडकुंडीला येऊन म्हणत होता. भावी गर्दीमागे पांढऱ्या कपड्यांत स्वस्थ उभे होते.

मी माइक हातात घेतला. म्हणालो, "थांबा! त्या मुलाला सोडा. मेसेज खोटा होता. तो मीच लिहिला होता."

मग मागून एकजण ओरडला, "साइटवर हिरवं आलंय!"

"हो, पण ते मलाच विचारून..."

"घाबरू नका, सर!" दुसरा ओरडला. "तुमच्यावर दबाव आहे, आम्हाला कळतंय!"

"दबाव नाहीये हो, मी खरं..."

"सचिवसाहेब आगे बढो!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी गर्दीपुढे खरं बोललो होतो, आणि साइटवरच्या हिरव्या खुणेने मला खोटं पाडलं.

तेवढ्यात जेसीबीच्या पायरीवर काका चढलेले दिसले. सत्तरीच्या वयात, हाफशर्टात. ते ड्रायव्हरच्या शेजारी आत वाकले, खिशातला टॉर्च काढला आणि डिझेलच्या काट्यावर मारला. मग चौतीस वर्षांच्या सवयीने मोठ्याने वाचलं, "शून्य!"

"काय शून्य?" खालून कुणीतरी विचारलं.

"टाकी. काटो खाली टेकलोहा. ह्यो इथपर्यंत पोचलो ह्योच चमत्कार. ह्याच्यान मैदान काय, कुंडी खणूची नाय."

"काका, तुम्ही तर म्हणणारच!" वन-बीएचकेवाला टोमणा कुठूनतरी आलाच.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "माझ्यावर इश्वास ठेव म्हणून कोणी सांगल्यान? वर ये. बघ. एकेक जण, रांगेत."

आणि लोक गेले. मारायला आलेले हात पायरीला धरून वर चढायचे, काका टॉर्च मारायचे, माणूस काट्याकडे वाकून बघायचा, "हो रे, शून्यच आहे," म्हणत खाली उतरायचा. रांग लागली. बायकांनी पोरं उचलून दाखवली. एका आजींनी काट्याला नमस्कार केला. काट्याशेजारी बसलेला ड्रायव्हर प्रत्येकाला आपली फाटलेली बाही दाखवायचा, आणि खाली उतरताना बहुतेकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दहा मिनिटांपूर्वी बाही फाडणाऱ्यानेच त्याला पोहे आणून दिले. भावी रांगेत नव्हते. ते घरी गेले होते.

लोक पांगल्यावर ड्रायव्हरसाठी डब्यातून डिझेल मीच आणलं.

दोन दिवसांनी मी वेबसाइटला फोन करून सगळं सांगितलं. तीच नम्र मुलगी होती. म्हणाली, "सर, आम्ही तर समितीच्या सचिवांशी बोलून खात्री केली होती."

"अहो, तो सचिव मीच."

"मग सर, तुम्ही तेव्हा खरं बोलत होतात की आत्ता?"

तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं. चूक तिची नव्हतीच. ज्याला विचारायला हवं, त्यालाच तिने विचारलं होतं. "आत्ता," मी म्हणालो. त्यांनी पुढे दुरुस्ती टाकली. ती कुणी वाचली नाही, पण टाकली.

वन-बीएचकेची दुरुस्ती कुणाच्या साइटवर होणार? काकांनी चिठ्ठ्या लावणं बंद केलं होतं. नोटीसबोर्डात टाकी सफाईची नोटीस एकटी राहिली. मला ते रोज जाता-येता दिसायचं. शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि कागद मागितला. तिथेच बसून सोसायटीच्या ग्रुपसाठी मेसेज लिहिला आणि पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवला: "मागचा बुलडोझरचा मेसेज मी स्वतः लिहिला होता. तो खोटा होता. मीटरकाकांना कुणी काही दिलेलं नाही. बैठकीत मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसलो. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मैदानावर काहीही होणार नाही. बुलडोझर येणार नाही. प्रस्ताव मात्र अजून रद्द झालेला नाही. म्हणून या."

काकांनी दोनदा ऐकलं. "असा लिवलंस तर कोण येतला रे?"

"कोणी नाही आलं तर?"

"तर कोणी नाय इला असा आपण बघूया. मी येतंय."

उत्तरं आली ती अशी: हसरे चेहरे, हात जोडलेले, आणि "भावजी, तुम्ही फार भोळे आहात. लोकांना पाठीशी घालता." काका त्यानंतर वर्षभराने मुलीकडे गावी राहायला गेले, तर "बघा, फ्लॅट विकून गेले" असंही मी लिफ्टमध्ये ऐकलं. मी दर वेळी म्हणतो, तो मेसेज मी लिहिला होता. लोक माझ्या दंडावर थोपटतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात. मैदान अजून आहे. प्रस्तावही आहे.

पण त्या रविवारचं सांगतो. पावणेसहाला मी पोचलो तेव्हा काका आधीच आले होते आणि एका दगडावर बसले होते. सहाला फक्त आम्ही दोघं. पाच मिनिटांनी तो बीडचा ड्रायव्हर स्कूटरवरून आला, दुसरा शर्ट घालून. मेसेज त्याच्यापर्यंत कसा पोचला कुणास ठाऊक. म्हणाला, "काहीच व्हणार न्हाई म्हणले, म्हणून आलो." मग आजी आल्या. मग एक नवरा-बायको. मग कुत्र्याला फिरवणारा एक, पण तो कदाचित नुसताच कुत्र्याला फिरवत होता. काका प्रत्येकाकडे बोट करून मोजत होते, आणि कुत्रेवाल्यापाशी येऊन थांबले. त्याचा निकाल लागत नव्हता.

सव्वासहाला गेटातून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. केस ओले, एका हातात चटई, एका हातात फोन. मला वाटलं, आता काही ऐकवणार. त्या सरळ माझ्यासमोरून गेल्या, आणि काकांपुढे उभ्या राहिल्या. मग विचारलं,

"काका, बुलडोझर खरंच नाही ना येणार?"

"नाय."

"बघून आलात?"

"परवा चारी टेबलां फिरलंय."

वहिनींनी फोन पर्समध्ये टाकला, चटई अंथरली, काकांच्या दगडाशेजारीच बसल्या आणि तिथूनच माझ्यावर कडाडल्या, "मग सहाला कशाला बोलावलं हो भावजी? येणारच नव्हता, तर आठला नसतं का चाललं?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "ता तेका इचार. मी फक्त बुलडोझरचा सांगतंय."

वेळही मीच ठरवली होती, असं मी कबूल केलं.